तीस खुर्च्यांची वकिली

एखादी छोटी जागा बंद पडते. शुक्रवारी तिथे पंक बँड धिंगाणा घालायचे, रविवारी हौशी मंडळी संगीतिकेची तालीम करायची. मग वादाला तोंड फुटतं आणि ठरलेले दोन तट पडतात. पहिला म्हणतो, लोक आले असते तर चालली असती. येत नव्हते, बंद पडली, विषय संपला. दुसरा गहिवरतो: रसिकता मेली, मोबाइलने माणसं गिळली, आता फक्त आठवणी. पहिल्याला वाटतं हिशेब त्यालाच कळतो, दुसऱ्याला वाटतं कला त्यालाच कळते. दोघंही लोकांच्या आवडीनिवडीवरून भांडतात, आणि तिथेच वाद फसतो. छोट्या जागांचा जीव बहुतेक वेळा भाडं, परवाना आणि शेजाऱ्याची तक्रार या तिघांनी मिळून घेतलेला असतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. सरकारने, नगरपालिकेने किंवा ज्यांच्या हातात जमीन आणि कायदा आहे त्यांनी कलाकाराला पोसण्याच्या भानगडीत पडू नये, चांगलं काय नि वाईट काय हेही ठरवू नये. खोली तेवढी राखावी. त्या खोलीत काय वाजेल, ते आत शिरणाऱ्यांवर सोडावं.

पंक आणि संगीतिका एका दावणीला बांधलेली पाहून दोन्हीकडचे लोक नाक मुरडतील. पंकवाल्याला संगीतिका म्हणजे रंगरंगोटी केलेलं गुळमट प्रकरण वाटतं. संगीतिकावाल्याला पंक म्हणजे तीन कॉर्डमध्ये उरकलेला आरडाओरडा. पण दोघांची नाळ एकाच प्रकारच्या खोलीत पुरलेली आहे. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या वरच्या छोट्या सभागृहात हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम लावला. तिकीट ५० पेन्स. माणसं मोजकीच आली. पुढे ‘मी होतो तिथे’ म्हणणाऱ्यांची संख्या त्या सभागृहात मावणार नाही इतकी फुगली, ते सोडा. जे खरोखर होते त्यांतल्या बर्नार्ड समनर आणि पीटर हुक यांनी त्यानंतर बँड काढायचं मनावर घेतलं आणि त्यातून जॉय डिव्हिजन उभा राहिला. ही गोष्ट प्रतिभेची म्हणून सांगतात. मला ती भाड्याची वाटते. ज्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं अशा दोन पोरांना एक सभागृह एका संध्याकाळपुरतं परवडलं, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी कोणी देशोधडीला लागलं नाही. आज त्या इमारतीत हॉटेल आहे.

संगीतिकांकडे वळलं तर न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरची हकिकत पाहावी. ‘हेअर’ १९६७ मध्ये तिथे झालं, ‘अ कोरस लाइन’ १९७५ मध्ये, ‘हॅमिल्टन’ २०१५ मध्ये. ‘अ कोरस लाइन’चं पहिलं सभागृह २९९ खुर्च्यांचं होतं. त्याआधी नर्तकांना एकत्र बसवून त्यांच्याकडून त्यांच्याच आयुष्याच्या गोष्टी रात्रभर टेपवर बोलून घेतल्या होत्या, मग महिनोन् महिने कार्यशाळा चालल्या, पानं फाडली गेली, गाणी टाकली गेली. नंतर हा खेळ ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या धंदेवाईक रंगमंचावर, १५ वर्षं चालला आणि त्या नफ्यावर पब्लिक थिएटरचे पुढचे कित्येक फसलेले प्रयोग पोसले गेले. आता मुद्द्याची बाब. थिएटरची इमारत म्हणजे एक जुनं ग्रंथालय. १९७१ मध्ये न्यूयॉर्क शहराने ती विकत घेतली आणि थिएटर चालवणाऱ्या जोसेफ पॅप यांच्या संस्थेला वर्षाला १ डॉलर भाड्याने दिली. शहराने संहिता मागवल्या नाहीत, नटांची निवड समिती बसवली नाही. भिंती आणि छप्पर दिलं, आणि बाजूला झालं.

याच शहरात उलटा दाखलाही आहे. हिली क्रिस्टल यांनी १९७३ मध्ये बावरी या रस्त्यावर सीबीजीबी हा क्लब सुरू केला. ही अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची. मालकाला ते संगीत हवं होतं. ते फारसं आलं नाही. आले ते पंकच्या वळणाचे: रामोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, ब्लाँडी. मालकाची अट एकच, स्वतःची गाणी वाजवा. म्हणजे मालकाच्या आवडीला बगल देऊन खोलीने आपलं काम केलं. ऑक्टोबर २००६ मध्ये ती बंद झाली. शेवटच्या रात्री पॅटी स्मिथ गात होती. गिऱ्हाइकांअभावी दार लागलं नव्हतं, घरमालकाशी भाड्यावरून फिसकटलं होतं. नंतर तिथे पुरुषांच्या महागड्या कपड्यांचं दुकान आलं. यात ‘लोकांची आवड’ कुठे बसवायची, हे पहिल्या तटाने सांगावं.

तो सांगेल की भाडं म्हणजेच बाजार, आणि बाजाराचा निकाल मान्य करावा लागतो. बरं. पण बाजार असा मोकळ्या माळरानावर कधी भरलेला असतो का? करमणुकीच्या बाबतीत तर सरकारची बोटं पहिल्यापासून त्यात आहेत. इंग्लंडमध्ये १७३७ च्या कायद्याने गद्य नाटकांचा मक्ता राजाची सनद असलेल्या थिएटरांना दिला. उरलेल्यांनी काय केलं? त्यांनी खेळात गाणी घुसवली, ‘हे नाटक नव्हेच, हा संगीताचा प्रकार’ म्हणून पळवाट काढली, आणि शंभर वर्षं लंडनचे छोटे रंगमंच अशा गाण्याबजावण्याच्या खेळांवर जगले. ती मक्तेदारी १८४३ मध्ये मोडली. कोणत्या खोलीत गाणं असेल आणि कोणत्या खोलीत नसेल, हे तिथे कायद्याने ठरवलं होतं. न्यूयॉर्कचा १९२६ चा, नाचगाण्याच्या जागांना परवाना लावणारा कॅबरे कायदा आणखी मजेशीर. त्याच्या पुढच्या एका दुरुस्तीप्रमाणे परवाना नसलेल्या हॉटेलात तीनपर्यंत वादक चालत, पण वाद्यं तंतुवाद्य किंवा पेटीच्या जातीची हवीत. ड्रम आणि फुंकवाद्यं नकोत. जॅझच्या गावात ट्रंपेटला मज्जाव! ती अट १९८० च्या दशकात कोर्टात टिकली नाही, पण नाचाला परवाना लागण्याची तरतूद थेट २०१७ पर्यंत जिवंत होती. मधल्या काळात कलाकारांनाही पोलिसांकडून कार्ड काढावं लागे. जॅझ पियानोवादक थेलोनियस माँक यांचं कार्ड १९५१ मध्ये गेलं आणि काही वर्षं त्यांना आपल्याच शहरातल्या क्लबांमध्ये वाजवता आलं नाही. त्या वर्षांत माँकना श्रोते कमी मिळाले याचा अर्थ लोकांना त्यांचं पियानोवादन नकोसं झालं होतं, असा काढायचा का?

आता समोरच्यांचे खरे बळकट मुद्दे घेऊ. पहिला, जो कोणी मोठ्याने बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो: स्थानिक कार्यक्रमांतलं बहुतेक सगळं सुमार असतं. मान्य. सपशेल मान्य. मी अशा जागांवर पुष्कळ रात्री काढल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या घरी बसून काढल्या असत्या तर बरं झालं असतं. मध्यंतरी एका छोट्या हॉलमध्ये एका नव्या संगीतिकेचा प्रयोग होता. तीस खुर्च्या, त्यांतल्या सात रिकाम्या. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीने पहिलं पद घाईघाईत वरच्या पट्टीत, काळी चारमध्ये धरलं. ध्रुवपद निभावलं. अंतऱ्याला तिच्या लक्षात आलं की वरचा सूर आपल्या आवाक्याबाहेर आहे, आणि ते तिच्या आधी ऑर्गनवाल्याच्या लक्षात आलं होतं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मधला तुकडा दोनदा वाजवला आणि दुसऱ्या फेरीत हळूच काळी दोनवर उतरला. तिनेही न बोलता ते घेतलं. चेहरा लाल, पण गाणं सुटलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी ‘वा’ म्हटलं, ते सुरांना नव्हतं, सावरण्याला होतं. प्रयोग म्हणून ती रात्र साधारणच. पण ती मुलगी पुन्हा आयुष्यात तेवढ्या वरच्या पट्टीत सुरुवात करणार नाही, आणि हा धडा तिला तेवीस माणसांच्या देखत, स्वस्तात मिळाला. हजार खुर्च्यांपुढे तो मिळाला असता तर तिने गाणं सोडलं असतं. सुमारपणा हा छोट्या जागेवरचा आरोप म्हणून ठेवतात, पण सुमार असण्याची सोय हेच तर तिचं काम आहे. तालीमखान्यात ते होत नाही, कारण तिथे तिसऱ्या रांगेतले आजोबा नसतात.

दुसरा मुद्दा: सगळ्या जगाचं गाणं खिशात असताना माणसाने भिजत जाऊन खुर्चीत का बसावं? इथे दुसऱ्या तटाचे लोक रडू लागतात आणि मराठी संगीत रंगभूमीचं उदाहरण देतात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगवलं, पन्नास वर्षं नाट्यपदांचं राज्य झालं. मग १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’, आणि बोलपटाने संगीत नाटक खाल्लं. अशी ही गोष्ट. अर्धी खरी आहे. बोलपट स्वस्त होता, नटसंच पोसावा लागत नव्हता, आणि कंपन्यांचा कारभारही धड नव्हता. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर होता तो काही सिनेमाने चढवलेला नव्हता. पण लोकांना नाट्यपद नकोसं झालं होतं का? तबकड्या विकल्या जात होत्या, मैफलींत फर्माइशी होत होत्या, तीच पदं पुढच्या पिढ्यांनी तोंडपाठ केली. गाणं उरलं. गेली ती जागा: ज्या नाटकगृहांत कंपन्या मुक्काम ठोकत, त्यांतल्या अनेक ठिकाणी सिनेमाचा पडदा लागला. आणि जागेबरोबर गेला तो वन्स मोअर. नवं पद प्रेक्षकांसमोर टाकायचं, ते पडलं तर दुसऱ्या दिवशी चाल बदलायची, उचललं गेलं तर पुन्हा गायचं, ही देवघेव थांबली. तबकडीला कितीही ओरडून वन्स मोअर दिला तरी ती तेच वाजवणार. साठच्या दशकात संगीत नाटकाला पुन्हा बहर आला, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं. भूक गेलीच नव्हती, हे त्यातून दिसतं. पण मधल्या काळात किती गाणी जन्मालाच आली नाहीत, याची मोजदाद कोण करणार? खिशातलं गाणं हे कुठल्या तरी खोलीत आधी पडून-उठून तयार झालेलं असतं. खोली नसली तर खिशात जुनंच फिरत राहतं.

तिसरा मुद्दा पैशांचा, आणि इथे भावनेने बोलून चालत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच दाखवलं की जिवंत कलेचा खर्च इतर धंद्यांच्या मानाने वाढतच जाणार. कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांत दुप्पट माल निघतो. चार जणांनी अर्धा तास वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वीही चार जणांचा अर्धा तास घेत होती, आजही घेते. पंधरा मिनिटांत उरकली तर ती कार्यक्षमता नव्हे, फसवणूक आहे. मग हा वाढता फरक भरतं कोण? अनुदानाला विरोध करणारे म्हणतात की करदात्याने का भरावा. रास्त प्रश्न आहे. फक्त अनुदान सध्या चालू नाही असा त्यांचा समज आहे, तो चुकीचा. अनुदान चालूच आहे, ते कलाकार देतात. दिवसा नोकरी करून, पगारातून तालमीचं भाडं भरून, मित्राची गाडी मागून आणून, शेवटी गल्ल्यातून चहाचे पैसे सुटले तर खूश होऊन. एका बँडचा ड्रमर जोरात पाय मारतो की त्याचा बेस ड्रम घसरून पुढे सरकतो. खिळा ठोकायला परवानगी नाही, गालिचा आणायला पैसे नाहीत, म्हणून त्यांचा एक मित्र अख्खा कार्यक्रम ड्रमला पाठ लावून जमिनीवर बसतो. त्याला मी विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाला, मला गाणी छातीत ऐकू येतात. ही देणगी कुठल्या अंदाजपत्रकात दिसते?

शिवाय पैसा उभा करायला करदात्याच्याच खिशात हात घालावा लागतो असंही नाही. फ्रान्समध्ये संगीताच्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर ३.५ टक्के कर बसतो आणि तो त्याच क्षेत्रात फिरतो; मोठ्या मैदानातल्या गर्दीतून लहान खोलीकडे. ब्रिटनमध्ये मोठ्या रिंगणांतल्या तिकिटामागे १ पौंड छोट्या जागांसाठी बाजूला काढण्याची कल्पना पुढे आली आणि काही कलाकारांनी कायद्याची वाट न बघता तो दिलाही. धंदेवाईक डोक्याने पाहा: मोठ्या रिंगणात उभा राहणारा प्रत्येक जण कधी तरी तीस खुर्च्यांपुढे उभा होता. त्या पाटातून पाणी घेणाऱ्याने पाट साफ करायला काही द्यावं, यात दानधर्म कसला?

कलाकाराला थेट का देऊ नये, असं कोणी विचारेल. कारण आश्रयदाता माणूस असतो आणि माणूस मरतो, मर्जी त्याहून लवकर मरते. १८४३ मध्ये, लंडनची ती मक्तेदारी मोडली त्याच वर्षी (योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही), सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. पहिला तट इथे टाळ्या पिटेल: पाहा, बाजाराने वाचवलं! वाचवलं खरं. पण खेळ करायला ते थिएटर तिथे उभं होतं म्हणून. १८४६ मध्ये ते बांधलं गेलं तेव्हा जागा दिली होती जगन्नाथ शंकरशेटांनी. भावे कोण, सीता कोण, हे त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं. जागा द्या म्हणजे ज्याची ओळख अजून झालेली नाही त्यालाही ती मिळते.

उरला शेजारी. त्याची बाजू मला सगळ्यात खरी वाटते, कारण झोप ही रसिकतेपेक्षा मूलभूत गरज आहे आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या बेसच्या धडधडीला कलात्मक मूल्य नसतं. पण शेजारी दोन प्रकारचे. एक आधीपासून राहणारा. त्याच्याशी जागेच्या मालकाने जमवून घ्यावं, भिंतीला अस्तर लावावं, वेळ पाळावी. दुसरा, गजबजलेल्या वस्तीतली नवी कोरी इमारत विकत घेऊन राहायला येतो, आणि पहिल्याच महिन्यात तीस वर्षं चालत आलेल्या जागेविरुद्ध अर्ज करतो. या दुसऱ्यासाठी साधा नियम आहे: जो नंतर आला त्याने आवाजाचा बंदोबस्त करावा. बिल्डरने काचा जाड लावाव्यात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये नगररचनेत हे तत्त्व आणलं, इंग्लंडच्या नियोजन धोरणात ते २०१८ मध्ये आलं. व्हिक्टोरियात ते आपोआप आलं नाही. तिथल्या मेलबर्न शहरातली टोट नावाची पंक-रॉकची जागा जानेवारी २०१० मध्ये परवान्याच्या जाचक अटींमुळे बंद झाली, आणि पुढच्याच महिन्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले. येणारं कोणी नाही म्हणून बंद पडलेल्या जागेसाठी हजारोंचा मोर्चा निघत नसतो. टोट त्याच वर्षी पुन्हा उघडली. २०२३ मध्ये इमारत विक्रीला निघाली तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले.

एक मुद्दा उरतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ‘नियम शिथिल करा’ म्हणणाऱ्यांनी २ डिसेंबर २०१६ विसरू नये. अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या घोस्ट शिप नावाच्या गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसं मेली. लाकडी सामान ठासून भरलेलं, जिना कामचलाऊ, बाहेर पडायची वाट सापडेना. आगीचे नियम माणसांच्या रक्ताने लिहिलेले असतात. त्यांवर सवलत मागणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. पण लोक अशा गोदामांत का जातात, हाही प्रश्न त्याच पंचनाम्यात लिहायला हवा. परवडणारी, परवाना असलेली, दोन दारं असलेली खोली शहरात उरली नाही की तरुण गाणं थांबवत नाहीत, तळघरात नेतात. म्हणून दाराची रुंदी तपासताना अधिकाऱ्याने कडक असावं, आणि दार रुंद करायला लागणारा पैसा मिळवून देताना तितकंच तत्पर. ब्रिटनने इंग्लंड आणि वेल्सपुरत्या केलेल्या २०१२ च्या कायद्यात हा भेद बऱ्यापैकी सांभाळला: दारूचा परवाना असलेल्या जागेत २०० पर्यंत श्रोते असतील तर रात्री ११ पर्यंत संगीतासाठी वेगळी परवानगी काढायची गरज उरली नाही, पुढे ती मर्यादा ५०० झाली, सुरक्षेचे नियम मात्र जिथल्या तिथे राहिले.

त्या संगीतिकेच्या रात्री प्रयोग संपल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून खुर्च्या रचल्या, कारण हॉलचा माणूस किल्ल्या वाजवत दारात उभा होता आणि पुढच्या तासाचं भाडं कोणाकडे नव्हतं. ऑर्गनवाला पेटारा बंद करत होता. ती मुलगी त्याच्यापाशी गेली आणि वही उघडून म्हणाली, ‘दादा, पहिल्या पदाची पट्टी लिहून द्या.’ त्याने खिशातून पेन्सिल काढली, मग तिच्याकडे बघून विचारलं, ‘पुढचा प्रयोग कुठे आहे?’ तिने निर्मात्याकडे पाहिलं. निर्माता खुर्च्या मोजत होता.